पार्टी बसली

मासिकाचं नाव ‘ठेका’ ठेवलं तेव्हाच मला समजायला हवं होतं. पहिला अंक मध्यवर्ती बसस्थानकाच्या स्टॉलवर लागला आणि सगळ्यात आधी तो घेतला बांधकामाच्या कंत्राटदारांनी. त्यांच्यातल्या एकानं मला फोन करून विचारलं, रस्त्याच्या कामांच्या निविदा कोणत्या पानावर आहेत. मी म्हणालो, आमचा ठेका ढोलाचा. तो गृहस्थ म्हणाला, मग तसं वरती लिहायचं ना. आम्ही नवरा-बायको त्यावर बरेच दिवस हसत होतो. मी लिहितो एका अर्थानं आणि वाचणारा दुसऱ्याच अर्थानं वाचतो, हा धडा त्या फोननं मला दिला होता. मी तो फक्त विनोद म्हणून लोकांना सांगत राहिलो.

कोरोनात माझी वर्तमानपत्रातली नोकरी गेली होती. मी पुरवणीच्या डेस्कवर होतो आणि मथळे चांगले देतो असं माझ्याबद्दल बोललं जायचं. बायको घरीच संगणकावर लग्नपत्रिकांची मांडणी करायची. पुढं लग्नं पुन्हा सुरू झाली, रस्त्यावर वाजायला लागलं, आणि मला वाटलं, ज्या संगीतावर आपल्याकडची माणसं खरोखर नाचतात त्याबद्दल कोणी एक बरी ओळ लिहीत नाही. बेंजो पार्टी, गाडीवरचा डीजे, हलगी, उरुसातल्या संदलचा ढोल यांची बातमी येते ती आवाज मर्यादेबाहेर गेला म्हणून. या वाजवणाऱ्यांसाठी मासिक काढायचं ठरवलं. मजकूर माझा, पानं बायकोची.

ऑक्टोपॅडमधून हलगीचा आवाज कसा काढायचा, पावसात स्पीकर कसे झाकायचे, कन्नड तालुक्याकडं संथ ठेका का लागतो आणि फर्दापूरच्या बाजूला खानदेशी गाण्याशिवाय वरात पुढं का सरकत नाही, असलं सगळं आम्ही छापायचो. पण अंक खपायचा तो ‘वरातीत उभं राहून’ या माझ्या सदरामुळं. त्यात मी वाजवणाऱ्यांची परीक्षा घ्यायचो. माझी एक रीत होती. मी पुढं नाचणाऱ्या पोरांकडं बघायचोच नाही. ती कशावरही नाचतात. मी कडेला उभ्या बायकांचे पाय बघायचो. कडेवर मूल घेतलेली, नाचायचं मनातही नसलेली बाई जेव्हा नकळत या पायावरून त्या पायावर भार द्यायला लागते, तेव्हा ठेका लागला असं मी धरायचो. हे मी सदरात लिहिलं आणि लोकांना ते फार आवडलं.

दोनेक हंगामांत त्या सदराला वजन आलं. साउंडच्या दुकानांत अंक दिसायला लागला, मंगल कार्यालयांच्या टेबलावर दिसायला लागला. मी वरातीत दिसलो की ऑपरेटर एकमेकांना खुणावायचे. मुलाचे बाप बेंजोवाल्याला ठरवायच्या आधी विचारायचे, ‘ठेका’त आलंय का तुमचं? मला याचा अभिमान होता. माझ्या एका ओळीवर कोणाच्या घरची चूल अवलंबून राहू लागली होती, याची भीती मात्र वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

शहागंजमागं राहणारे एक बेंजोवादक होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे, मीही म्हणायचो. टाइपरायटरसारखी बटणं आणि वर ताणलेल्या तारा असं ते वाद्य त्यांच्या वडिलांनी जुन्या बाजारातून आणून दुरुस्त केलं होतं. उस्ताद उर्दू वाचायचे, मराठी फाडफाड बोलायचे, पण मराठी छापलेलं वाचताना अडखळायचे. अंक आला की त्यांची मुलगी तो मोठ्यानं वाचून दाखवायची. मला ते चेष्टेनं एडिटरसाब म्हणायचे. काही गंभीर असलं की भाऊ म्हणायचे. त्यावरून मला आधीच कळायचं, की आता काहीतरी येणार आहे.

त्यांची जुनी पार्टी फुटली होती. ढोलवाला आणि कीबोर्डवाला दोघंही डीजेच्या गाड्यांवर गेले होते. उस्तादांनी नवी माणसं जमवली, नवी ट्रॉली बांधली आणि नारेगावच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये सगळा पावसाळा तालीम केली. हा हंगाम चांगला गेला तर ही माणसं टिकणार होती. नाही गेला तर तीही डीजेवर जाणार, हे ते उघड सांगायचे. त्यांच्या वयाला तिसऱ्यांदा पार्टी उभी राहणार नव्हती.

मी त्यांना ऐकलं फर्दापूरला. रस्त्याच्या कडेला ढाब्याच्या कट्ट्यावर तीन बायका बसल्या होत्या. आपसात त्यांचं काहीतरी भांडण चाललं होतं. पार्टीनं दुसरं गाणं धरलं आणि तिघींच्या चपला एकाच वेळी हलायला लागल्या. भांडण चालूच होतं. चपलाही चालूच होत्या. इतकं सरळ, इतकं नेमकं लागलेलं वाजवणं मी आजवर ऐकलं नव्हतं. घरी येऊन मी एका बैठकीत लेख लिहिला आणि मुखपृष्ठावर उस्तादांचा फोटो घेऊन लाल अक्षरांत मथळा दिला: ‘पार्टी बसली’.

नाटकवाले नाटक बसलं म्हणतात, शाळेत लेझीम बसते, भजनी मंडळात गाणं बसतं. वाजवणाऱ्यांत याहून मोठी शाबासकी नाही. उस्तादांना मुखपृष्ठ दाखवलं तेव्हा त्यांनी एकेक अक्षर जुळवून मथळा वाचला. म्हणाले, “एडिटरसाब, लोग बोलते, अच्छा बजाते. पण बसली म्हणून आजपर्यंत कोणी बोललं नव्हतं.” त्यांनी अंकांचा एक गठ्ठाच नेला आणि स्वतः वाटला.

मग कोणीतरी त्या मुखपृष्ठाचा फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर टाकला. फक्त फोटो आणि मथळा. सोबत एक रडका चेहरा.

बँक बसते, धंदा बसतो, आवाज बसतो. ज्यांनी आयुष्यात कधी तालीम केली नाही त्यांच्यासाठी बसण्याचा अर्थ एवढाच. आणि आपलं शहर निम्मं हिंदी-दखनीतून विचार करतं. तिथं तर प्रश्नच नाही. पार्टी बैठ गई. दोन दिवसांत तो फोटो फिरून माझ्याच मोबाईलवर आला, आमच्या एका नातेवाइकाकडून. खाली त्यांनी लिहिलं होतं, बिचाऱ्याचं वाईट झालं.

इथपर्यंत चूक होती. चुकीचं मला एवढं ओझं नाही. ओझं पुढच्याचं आहे.

स्टॉलवाल्याचा फोन आला, अंक संपले, आणखी पाठवा. साउंडच्या दुकानांचे आले. छापखान्यातून विचारणा झाली की प्लेटा अजून ठेवल्यात, काढायचे का आणखी? ‘ठेका’ला अशी मागणी कधीच आली नव्हती. बायकोनं मला समोर बसवून सांगितलं, की हे थांबव, निदान मथळा तरी बदल. मी म्हणालो, उलट जास्त लोकांच्या हातात अंक गेला तर ते आतलं वाचतील आणि गैरसमज जाईल.

“आतलं वाचायला कोणी घेत नाहीये,” ती म्हणाली. “कोणाची तरी पार्टी बुडाली, ते बघायला घेतायत. आणि हे तुला माहीत आहे.”

मला माहीत होतं. मी छापखान्याला हो म्हणून कळवलं. त्याच मुखपृष्ठासह. दुसऱ्या छपाईत शाई जरा वेगळी लागली आणि लाल अक्षरं नारिंगीकडं झुकली. त्यामुळं कुठलाही अंक लांबून बघितला तरी मला ओळखू यायचं, की हा माझ्या चुकीचा की माझ्या लोभाचा.

आठवड्याभरात उस्तादांचा फोन आला. भाऊ म्हणाले. गारखेड्याचं लग्न गेलं, चिकलठाण्याचं गेलं, वेरूळची हळद गेली. लोक तोंडावर काही म्हणत नव्हते. घरातच छोटं करायचं ठरलंय, म्हणायचे, आणि त्याच तारखेला डीजे लावायचे. ढोलवाल्यानं दुसरीकडं बोलणी सुरू केली होती. कन्नडच्या अलीकडं एका गावात परण्या तेवढा राहिला होता. लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, तो परण्या. तिथूनही निरोप आला होता, की जरा भेटून जा. असा निरोप कशासाठी येतो ते उस्तादांना आता पाठ झालं होतं.

“भाऊ, तू चल,” ते म्हणाले. “लिहिणाऱ्यानं सांगितलं तर ऐकतील. हे गेलं तर पोरं थांबत नाहीत.”

आम्ही त्यांच्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोतून गेलो. वाटभर ते गाण्यांबद्दल बोलत राहिले. मी हूं हूं करत होतो. दुसऱ्या छपाईचं मी त्यांना सांगितलं नव्हतं.

नवरदेवाचे वडील अंगणात बाजेवर बसले होते. तालुक्याला नोकरी, गावात शेती, हुशार माणूस. पाणी झालं, चहा झाला. मग त्यांनी भाच्याला सांगून घरातून अंक मागवला आणि माझ्यासमोर ठेवला. अक्षरं नारिंगी होती. मी अंक उचलल्यासारखं करून पालथा ठेवला.

“बसली म्हंजी काय म्हनायचंय तुमाला?” त्यांनी विचारलं.

मी समजावून सांगितलं. नाटक, लेझीम, भजन, सगळे दाखले दिले.

“माझी पोल्ट्री बसली,” ते म्हणाले. “तवा मी काय पेढे वाटायचे होते का?”

ओट्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. उस्तादही कसनुसं हसले. मी पुन्हा सुरुवात केली, की हा शब्द वाजवणाऱ्यांत वेगळा चालतो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, तुमचा शब्द कसा बी चालू द्या, उद्या माझे पाहुणे इथं उभे राहून म्हणणार की यानं पैसे वाचवायला बुडालेली पार्टी आणली. त्या समद्यांना तुम्ही नाटक-लेझीम समजावत फिरणार हाय का? मला सरळ बोला.

“एकच सांगा,” ते म्हणाले. “हे जे छापलंय, ते खरं का खोटं?”

उस्ताद माझ्या शेजारी, बाजेच्या कडेवर बसले होते. त्यांचा गुडघा हलत होता, तो थांबला. खरं म्हणालो असतो तर बोलणं पुन्हा शब्दावर आलं असतं आणि तारीख गेली असती. मी अंकाच्या मागच्या पानावरच्या जाहिरातीकडं बघत म्हणालो, “खोटं. चुकून छापलं गेलं.”

त्यांचं तोंड उजळलं. एवढं कबूल करायला एवढा वेळ का लावला, असं मला म्हणाले आणि उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, या तुम्ही, तारीख पक्की. निघताना मी त्यांना शेजाऱ्याला सांगताना ऐकलं, संपादकाकडून वदवून घेतलं मी, म्हणाला खोटंच छापतो. ‘खोटंच छापतो’ असं मी म्हणालो नव्हतो. पण आता माझ्या शब्दांबद्दल तक्रार करायची माझी सोय राहिली नव्हती.

परतताना वेरूळला चहासाठी थांबलो. उस्तादांनी टोस्ट बुडवला आणि तो कपातच विरघळून पडला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“मी वाटलेल्या अंकाचा लाल रंग वेगळा होता,” ते म्हणाले.

मी म्हणालो, “परत छापले.”

“लोक काय समजतायत, ते कळायच्या आधी?”

“कळल्यावर.”

ते चमच्यानं टोस्ट काढत बसले. मी वाट बघत होतो. शिवी आली असती तर मी ती घेतली असती, माझी तयारी होती.

“चलो, तो धंदा आहे,” ते शेवटी म्हणाले. “मी पण केलाय. एकदा दुसऱ्याच्या पार्टीचा माणूस मी ऐन लग्नात फोडला होता. पण भाऊ, तू खोटं म्हणालास तेव्हा मी तिथं बसलेला होतो.”

मी म्हणालो, नाहीतर तारीख गेली असती.

“ते समजतंय मला. तूच सांग, माझ्या मुलीनं तो लेख घरात तीनदा वाचला. तिच्या आईला, मग तिच्या मामाला फोनवर, मग परत मला. आता ती ऐकणार की लिहिणारा स्वतः खोटं म्हणाला. तिला काय सांगू मी?”

मी चहाचे पैसे द्यायला उठलो.

परण्याच्या दिवशी मी वेगळा, एसटीनं गेलो. मला बोलावलेलं नव्हतं. मारुतीच्या देवळाकडं जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो, नेहमीसारखा कडेला. ट्रॉली आली. पहिल्या गाण्यातच कळलं की काहीतरी आवळलंय. ढोल घाई करत होता, कीबोर्ड त्याच्यामागं धावत होता आणि उस्ताद मान खाली घालून नुसती बटणं दाबत होते. नवरदेव घोड्यावर, त्याचे मित्र पुढं दोन-चार उड्या मारून थांबलेले. वडील हाताची घडी घालून ट्रॉलीकडं बघत होते. त्यांच्यामागं पाहुण्यांचा एक घोळका मोबाईल काढून उभा होता. मी बायकांच्या पायांकडं पाहिलं. सगळे पाय जमिनीला चिकटलेले.

मग माझ्या लक्षात आलं की ढोलवाला मधूनमधून माझ्याकडं बघतोय. ऑक्टोपॅडवालाही. ते एकमेकांकडं बघायचं सोडून मला बघत होते, माझ्या तोंडावर काय लिहिलंय ते. इतके हंगाम मी पाय बघत उभा राहिलो होतो आणि मला वाटायचं मी कोणाला दिसत नाही.

मी मागं सरकलो. पिठाच्या गिरणीच्या भिंतीआड गेलो, जिथून ट्रॉली दिसत नव्हती आणि ट्रॉलीवरून मी दिसत नव्हतो. तिथं दळणाचा डबा डोक्यावर घेतलेली एक म्हातारी मिरवणूक पुढं जायची वाट बघत होती. एक गाणं गेलं. दुसरं सुरू झालं, पुन्हा तीच घाई. मी डोळे मिटून घेतले. मनात म्हणत होतो, थांब, ढोल, थांब. बेंजो एकटाच वर आला. उस्तादांनी एक ओळ संथ करून परत घेतली, जशी तालमीत घेतात, मग आणखी एकदा. ढोल गप्प झाला आणि जेव्हा आला तेव्हा बरोबर त्यांच्या मागून, खालून आला.

“सरक की जरा बाबा,” म्हातारी मला म्हणाली. मी डोळे उघडले. मिरवणूक गल्लीतच होती, म्हातारीला जायला वाट नव्हती. तिला फक्त जागा हवी होती. डोक्यावरचा डबा एका हातानं धरून ती या पायावरून त्या पायावर डुलत होती.

‘ठेका’ पुढं दिवाळीपर्यंत मी रेटला. संपादक स्वतः खोटं म्हणतो ही गोष्ट कन्नडहून शहरात पोहोचायला वेळ लागला नाही. ज्या डीजेवाल्यांना मी कधी नावं ठेवली होती त्यांनी ती सगळीकडं पोहोचवली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मंगल कार्यालयांच्या टेबलावरून अंक गेला. स्टॉलवाला म्हणाला, आता कंत्राटदारसुद्धा विचारत नाहीत. शेवटचा अंक बायकोनं लावला आणि फाइल बंद करताना मला विचारलं, मथळा काय देतोस. मी म्हणालो, तूच दे. मुखपृष्ठावर तिनं फक्त महिना आणि साल टाकलं. उस्तादांची पार्टी तो हंगाम टिकली, पुढचाही अर्धा. मग ढोलवाला गेलाच.

पण त्या दिवशी, मारुतीपुढं वाजणं थांबल्यावर, मी गिरणीआडून बाहेर आलो होतो. नवरदेवाच्या वडिलांची टोपी वाकडी झाली होती आणि सदरा पाठीला चिकटला होता. ते नाचले होते. उस्ताद ट्रॉलीवरून उतरले, बेंजो फडक्यात गुंडाळला आणि सरळ माझ्याकडं आले. वडील शेजारीच होते, घाम पुसत.

“एडिटरसाब,” उस्तादांनी सगळ्यांदेखत विचारलं, “काय म्हणता?”

मी वडिलांकडं पाहिलं. मग म्हणालो, “बसली.”

वडिलांचा हात कपाळावरच थांबला. “म्हंजी त्या दिवशी अंगणात खोटं बोललात व्हय?”

“व्हय,” मी म्हणालो. “छापलेलं खरं होतं.”

त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. “पार्टी लई झ्याक हाय,” ते म्हणाले. “मासिक तेवढं बंद करा. तुमाला जमत नाय ते.” आणि पाहुण्यांकडं गेले.

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, मुलीचा नंबर लावला, पलीकडून आवाज येईपर्यंत कानाला धरला आणि दखनीत सांगितलं, की रुक बेटा, एडिटरसाब को बात करनी है. मग मोबाईल माझ्यासमोर धरला.

“हे आता तिला सांग,” ते म्हणाले.

मी फोन घेतला. पलीकडून ती म्हणाली, हां काका, बोला.